चौदाची दहा झालेली उडी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या कंपनीचे संचालक साहेब, ज्यांनी माझ्या कारकिर्दीत मला चार पिवळी कार्डं आणि एक लाल कार्ड दाखवलं आणि तरीही आज माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायला ज्यांची हरकत नव्हती ते आपले प्रमुख पाहुणे, ज्येष्ठ पंच, सत्कारमूर्ती बाई, बाईंचे यजमान, ज्यांना आम्ही सगळे मास्तर म्हणतो, माझे सहकारी, त्यांची घरची मंडळी, आणि खुर्च्या रिकाम्या असूनही मागच्या दाराजवळ उभे राहिलेले, म्हणजे चहा आला की सर्वांत आधी पोचतील असे आमचे प्रोग्रॅमर मित्र, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मला बोलायला दहा मिनिटं दिली आहेत. ती लक्षात ठेवायला मला घड्याळ लागणार नाही. बाईंच्या मांडीवर तो मोठा पुष्पगुच्छ आहे ना, त्याच्याखाली त्यांचा उजवा हात आहे आणि त्या हातात स्टॉपवॉच आहे. मी ‘आजच्या’ म्हणालो तेव्हाच ते टिक झालेलं मी ऐकलं.

दुसरं म्हणजे, आपल्या हातातल्या निमंत्रणपत्रिकेत एक चूक आहे. ती दुरुस्त करण्याचं काम बाईंनी आज सकाळी माझ्यावर सोपवलं. ‘बाकी काय बोलायचं ते बोल, पण एवढं सांग’ असा हुकूम आहे. ते मी सांगणारच आहे, पण त्याआधी थोडं मागे जावं लागेल, त्याशिवाय ती चूक म्हणजे काय ते कळायचं नाही.

इथे घरची मंडळी बरीच आहेत, आणि आपला माणूस रोज सकाळी डबा घेऊन जातो तो नेमका काय करायला, हे काहींना अजून कोडंच असेल. माझ्या आईला तरी आहे. तर आमची कंपनी बनवते तो कॉम्प्युटरवरचा खेळ फुटबॉलचा आहे, पण त्यात खेळणाऱ्याने चेंडूला पाय लावायचा नसतो. त्याने मॅनेजर व्हायचं. खेळाडू घ्यायचे, कोण कुठे उभा राहील ते ठरवायचं, सराव लावायचा आणि मग कपाळाला हात लावून सामना बघायचा. त्या खेळातला प्रत्येक खेळाडू खऱ्या माणसावरून घेतलेला असतो, आणि त्या माणसाचं सगळं शरीर आम्ही आठ आकड्यांत बसवतो. प्रत्येक आकडा वीसपैकी. मोठ्या संघांच्या खेळाडूंची मापं यंत्रं घेतात. आमच्या वाट्याला येतात खालच्या गटातले संघ, जिथे यंत्र सोडा, कधीकधी कॉर्नरचा झेंडाही नसतो. त्यांची मापं घ्यायला एक बाई बावीस वर्षं लाकडी बाकावर बसत होत्या. मांडीवर वही, गळ्यात टेप, हातात स्टॉपवॉच. मैदानांवर त्यांना ‘घड्याळवाल्या बाई’ म्हणत.

आणि घरी मास्तर. मास्तरांचं शिवणकाम आपल्या सर्वांना माहीत आहे, संचालक साहेबांच्या अंगावरचा कोट त्यांच्याच हातचा आहे. म्हणजे बघा, त्या घरात दोघांच्याही गळ्यात टेप. पाहुणा दारात आला की एक जण खांदे बघतो आणि दुसरी गुडघे. मी पहिल्यांदा जेवायला गेलो तेव्हा मास्तर म्हणाले, ‘डावा खांदा उतरता आहे,’ आणि बाई आतून म्हणाल्या, ‘म्हणूनच तो डावीकडे वळताना हळू होतो.’ मी अजून चप्पलसुद्धा काढली नव्हती.

पण जेवायला बोलावण्याइतकी ओळख व्हायला वर्षं गेली. आमची पहिली भेट भांडणाने झाली.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. एका छोट्या क्लबकडून उजव्या कडेला, विंगवर खेळायचो. कोणीतरी मला ह्या खेळात माझं पान उघडून दाखवलं. त्यात लिहिलं होतं, वेग नऊ. वीसपैकी नऊ! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. संघात माझ्याइतका वेगवान कोणी नाही असं मी मानत होतो, कोचही मानत होते. पत्ता शोधून मी थेट ह्या इमारतीत आलो, दुसऱ्या मजल्यावरच्या त्या कोपऱ्यातल्या खोलीत. बाई पेन्सिलीला टोक करत होत्या.

मी म्हणालो, “संघात सगळ्यांत वेगवान मी आहे. कोणालाही विचारा.”

बाई म्हणाल्या, “कोणाला कशाला विचारू? मी बघितलंय. बस.”

त्यांनी एका सामन्याचं चित्रण लावलं. मी आणि समोरचा बचावपटू एकाच चेंडूमागे धावतोय. तिसऱ्या पावलाला त्यांनी चित्र थांबवलं. “इथे पुढे कोण?” मी म्हणालो, मी. दहाव्या पावलाला थांबवलं. “इथे?” मीच, पण आता जेमतेम. विसाव्या पावलाला थांबवलं, आणि पडद्यावर मी त्या गृहस्थाच्या पाठीवरचा आकडा वाचत होतो.

“तुझा पिकअप सोळा आहे,” त्या म्हणाल्या. “तोही लिहिलाय, तू खालची ओळ वाचली नाहीस. पिकअप म्हणजे उभ्या जागेवरून किती पटकन सुटतोस ते. वेग म्हणजे सुटल्यावर शेवटी किती जोरात धावतोस ते. तू फार लवकर तुझ्या वेगाला पोचतोस, पण तिथे पोचल्यावर तुझ्याकडे आणखी काही नाही. पहिली तीन पावलं बघून सगळे तुला वेगवान म्हणतात. तूसुद्धा.”

आपल्याला सांगतो, अपमान पचवायला मला तो अख्खा जिना उतरावा लागला. पण खाली पोचेपर्यंत डोक्यात प्रकाश पडला होता. दोन वर्षं कोच माझ्यासाठी लांब चेंडू टाकत होते, दोन वर्षं मी प्रत्येक वेळी शेवटच्या दहा पावलांत पकडला जात होतो, आणि प्रेक्षक ओरडत होते की हा अर्धवट धावतो, आळशी आहे. मी आळशी नव्हतो हो. मला चुकीच्या जागी उभं केलं होतं. त्या हंगामात मी राखीव बाकावर गेलो होतो आणि पुढची पायरी घरी बसण्याची होती.

कोचना जाऊन सांगितलं की मला मैदानाच्या मध्यभागी, बचावाच्या पुढे खेळवा, तिथे लांब धावायचं नसतं, तीन-चार पावलांत चेंडू हिसकावायचा असतो. ते म्हणाले, “आता कॉम्प्युटरचा गेम मला फुटबॉल शिकवणार का?” पुढच्या महिन्यात आमचा मधला खेळाडू पाय मुरगळून बसला आणि दुसरा कोणी नव्हता म्हणून मला उभं केलं. मग त्या जागेवरून मी हललो नाही. कोच आजही सांगतात की ती कल्पना त्यांची होती. असू दे.

तेव्हापासून मी बाईंच्या खोलीत येऊ लागलो. ह्या ऑफिसात मला ‘पिकअप’ हे नाव पडलं ते तेव्हाच. त्या मला आठही आकडे समजावून सांगायच्या. त्या म्हणायच्या, ताकद म्हणजे धक्का देणं आणि तोल म्हणजे धक्का खाऊन उभं राहणं. दोन्ही एकाच माणसात असतील असं धरू नकोस. चपळाई म्हणजे दिशा बदलताना लागणारा वेळ. दम म्हणजे नव्वदाव्या मिनिटाला अंगात किती उरलं. आणि मूळची तब्येत म्हणजे रविवारी सामना खेळून बुधवारपर्यंत किती भरून आलं, आणि तिशी ओलांडली की बाकीचे सात आकडे किती सावकाश उतरतील. हा आकडा त्या सर्वांत शेवटी भरायच्या आणि त्यासाठी एकेका खेळाडूला दोन-दोन हंगाम बघायच्या.

आणि उडी. उडीवरून सर्वांत जास्त तक्रारी यायच्या. आमच्या खेळात उडी म्हणजे जमिनीपासून किती उंच उसळलात ते नाही, डोकं शेवटी कुठवर पोचलं ते. त्यामुळे सव्वासहा फुटी माणसाने टाचा उचलल्या तरी त्याला पंधरा, आणि बुटका बिचारा जीव तोडून उसळला तरी नऊ. एका बुटक्या खेळाडूने कंपनीला चार पानी पत्र लिहिलं होतं. बाईंनी उत्तर पाठवलं, ‘क्रॉसबार आठ फुटांवर आहे. आपण कळवा, आपलं कपाळ कुठे लागलं.’ पुन्हा पत्र आलं नाही.

माझी उडी चौदा होती.

आता मी जे सांगणार आहे ते सभेत सांगण्यासारखं आहे की नाही, मला माहीत नाही. पण बाईंची खरी ओळख तिथेच आहे. मी एकोणतीस वर्षांचा झालो. घरी आई, बायको आणि नुकतीच शाळेत जायला लागलेली मुलगी. क्लबबरोबरचा माझा करार संपत आला होता आणि तो वाढवायचा की नाही ते आमचे सेक्रेटरी ठरवणार होते. ह्या सेक्रेटरींची एक सवय होती. ते कबूल करायचे नाहीत, पण प्रत्येक बैठकीच्या आधी ते लॅपटॉपवर हाच खेळ उघडून खेळाडूंचे आकडे बघायचे. आणि बैठकीच्या आठच दिवस आधी खेळातले नवे आकडे जाहीर होणार होते.

बाईंनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, “ह्या वेळी तुझी उडी दहा लिहितेय.”

त्यांनी वही पुढे केली. त्यांनी माझे अकरा कॉर्नर बघितले होते. अकराच्या अकरा वेळा मी डाव्या पायावर उसळलो होतो. उजव्यावर एकदाही नाही. कपाळ क्रॉसबारच्या खाली वीतभर राहत होतं.

“उजवा गुडघा डॉक्टरांना दाखव,” त्या म्हणाल्या.

“माझा गुडघा ठणठणीत आहे.”

तो ठणठणीत नव्हता. दोन महिने मी पट्टा बांधून, वरून लांब मोजे चढवून खेळत होतो. आईला माहीत नव्हतं, बायकोला माहीत नव्हतं, कोचना माहीत नव्हतं. आणि ही बाई शंभर फुटांवरच्या बाकावर बसून मला सांगत होती! मी हात जोडले. मंडळी, अक्षरशः हात जोडले. म्हणालो, “बाई, ह्या वेळी चौदाच राहू द्या. करार होऊ दे. पुढच्या वेळी दहा करा, आठ करा, मी चकार शब्द काढणार नाही.”

बाईंनी वही आपल्याकडे ओढून घेतली. मग म्हणाल्या, “आकडा माझा नाही रे. तू उडतोस, मी लिहिते. एवढंच.”

आकडा दहा जाहीर झाला. बैठकीत सेक्रेटरींनी विचारलं, “चौदाची दहा कशी झाली?” त्यांनी मला क्लबच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तपासणीत गुडघ्याचं एक लिगामेंट अर्धं फाटलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, अजून एखादी वाकडी उडी मारली असतीस तर पुढे खेळणं सोड, जिना चढतानाही विचार करावा लागला असता. शस्त्रक्रिया झाली. करार वाढला नाही. इथे मी गोड करून सांगणार नाही, करार वाढला नाही आणि मी घरी बसलो. आईने जाहीर केलं, “त्या बाईचं नाव ह्या घरात काढायचं नाही.” मलाही तेच हवं होतं. माझा गुडघा वाचला हे मला कळत होतं. पण पोटावर पाय कोणी दिला हेच मी धरून बसलो होतो. माणूस असाच असतो, निदान मी तरी होतो.

पाचव्या महिन्यात मी एका शाळेच्या मैदानावर सराव सुरू केला. दुसऱ्याच सकाळी कडेच्या बाकावर बाई येऊन बसल्या. मी न बघितल्यासारखं केलं. त्याही काही बोलल्या नाहीत. पंधरवड्याने पुन्हा आल्या. गोलपोस्टखाली मी उड्या मारायचो, त्या लिहायच्या आणि उठून जायच्या. असं सात महिने चाललं. शेवटी न राहवून मीच बाकाजवळ गेलो आणि वहीत डोकावलो. शेवटचे आकडे होते दहा, दहा, दहा, अकरा, अकरा, बारा.

मी विचारलं, “तेरा नाही का होत?”

“बारा आहे,” त्या म्हणाल्या.

वर्षभरातलं आमचं पहिलं बोलणं ते. नव्या आकड्यांत माझी उडी बारा लागली, आणि तो बारा बघून एका दुसऱ्या क्लबच्या कोचनी मला बोलावलं. ते मला म्हणाले, “दुखापतीनंतर ज्याचा आकडा उतरवला आणि मग चढवला, त्या आकड्यावर माझा विश्वास बसतो.” मी आणखी तीन हंगाम खेळलो. पाहुण्यांनी दाखवलेलं ते लाल कार्ड त्यातलंच. तेहतिसाव्या वर्षी थांबलो आणि बाईंच्या हाताखाली ह्या ऑफिसात लागलो, त्याला आता चार वर्षं झाली. आई समोर तिसऱ्या रांगेत बसली आहे. आजचा पुष्पगुच्छ तिने निवडलाय.

आता पत्रिकेतली चूक. पत्रिकेत छापलंय, ‘नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त होत आहेत.’ तसं नाही. बाईंना अजून दोन वर्षं बाकी आहेत. त्या आपणहून जात आहेत, आणि का, ते मला सांगायला सांगितलंय.

दोन महिन्यांपूर्वी दुपारच्या जेवणानंतर त्यांनी मला खोलीत बोलावलं. संगणकावर एका खेळाडूची वीस मीटरची धाव लावली. त्या धावेची वेळ यंत्राने घेतलेली होती, तीन सेकंद आणि एक दशांश. म्हणाल्या, “मी वीस वेळा वेळ घेते. घड्याळ न बघता तुझ्या हातात देते. तू वाच आणि लिही.”

मी लिहायला लागलो. तीन-एक. तीन-एक. तीन-चार. तीन-शून्य. तीन-तीन. अंगठा नुसता उशिरा पडत असता, सुरुवातीला आणि शेवटी सारखाच, तर काही बिघडलं नसतं. पण तो कधी वेळेवर पडत होता, कधी उशिरा, आणि केव्हा कसा पडेल ते त्यांना स्वतःलाच कळत नव्हतं.

आणि तिथे मी एक गोष्ट केली, जी आज सगळ्यांसमोर कबूल करतो. सहा आकडे मी बदलले. तीन-चारचा तीन-दोन केला, तीन-तीनचा तीन-एक. वही त्यांच्या पुढे ठेवली आणि म्हणालो, “झकास आहे बाई, थोडं इकडेतिकडे.”

बाईंनी वही वाचली. मग माझ्या हातातून घड्याळ घेतलं आणि एक बटण दाबलं. त्या घड्याळात शेवटच्या वीस नोंदी साठून राहतात. कामावरच्या पहिल्या दिवशी त्यांनी मला सर्वांत आधी तेच शिकवलं होतं, आणि मी नेमकं तेच विसरलो होतो.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, “बावीस वर्षांत ह्या वहीत चुकीचे आकडे असतील. खोटे हे पहिलेच. पुसू नकोस, रेघ मार आणि शेजारी खरे लिही.”

मी पुन्हा हात जोडले, आठ वर्षांनी दुसऱ्यांदा. म्हणालो, “बाई, दोनच वर्षं राहिलीत. कोणाला कळणारसुद्धा नाही. तुम्ही चित्रणाचं काम बघा, मैदानाचं मी बघतो.” संचालक साहेबांनीही नंतर हेच सुचवलं होतं, ते इथे साक्षीला आहेत. बाई म्हणाल्या, “एखाद्या पोराचा अकराचा नऊ होईल माझ्या अंगठ्यामुळे. त्याचा करार असेल त्या आठवड्यात. मी दाबते, तू लिही. एवढंच.”

मी लिहिले. सहाच्या सहा.

मंडळी, मला त्या दुपारी पहिल्यांदा समजलं की माझी उडी दहा लिहिताना त्यांना काय झालं असेल. आठ वर्षं मी समजत होतो की त्यांना काहीच वाटलं नसेल. पेन्सिल कागदावर टेकवायला किती वेळ लागतो, ते मला तेव्हा कळलं. बाई, त्या दहाबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नव्हते. आज मानतो. आणि बाराबद्दल तर मानतोच.

उद्यापासून तो बाक माझ्याकडे आहे. ती वहीही माझ्याकडे आहे, रेघ मारलेल्या पानासकट. ते पान मी फाडणार नाही, आणि दर वर्षी त्याच महिन्यात तीच धाव लावून माझा अंगठा वीस वेळा तपासून घेईन. लिहायला मात्र मास्तरांना बोलावीन, कारण माप वाचताना ते कोणाची भीड ठेवत नाहीत. संचालक साहेबांचा कोट शिवतानाही ठेवली नव्हती.

अध्यक्ष महाराज, आपण मला बोलण्याची संधी दिलीत, प्रमुख पाहुण्यांनी शिट्टी खिशातच ठेवली, आणि मागच्या मित्रांनी चहा येऊनही जागा सोडली नाही, त्याबद्दल मी सर्वांचा ऋणी आहे. बोलण्याच्या भरात काही कमीजास्त झालं असेल, कोणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर उदार मनाने पोटात घाला. दहा मिनिटं केव्हाच उलटून गेली आहेत, तीही पदरात घ्या. नक्की किती गेली ते बाई सांगतीलच.

मी थांबलो. बाई, घड्याळ बंद करा. सावकाश करा. ही वेळ कोणी लिहून घेत नाहीये.